सिद्धारामची नजर

सोलापुरात सिद्धेश्वराच्या दारात हार विकणारा सिद्धाराम दिसायला असा, की नवं गिऱ्हाईक आधी दोन पावलं मागं सरायचं आणि मग बेलाचा भाव विचारायचं. सहा फूट उंची, गालभर मिशा, कायम तांबारलेले डोळे. आणि स्वभाव? अहो, फुलांत मुंगळा सापडला तर त्याला पानावर घेऊन भिंतीपाशी सोडून येणारा माणूस! बायको गेल्यावर लेकीची, सोनाची, वेणीसुद्धा तोच घालायचा. हार गुंफणाऱ्या बोटांना वेणी ती काय जड!

एकोणतीस साली पुण्याचे रामहरी मास्तर मुका सिनेमा काढायला सोलापुरात आले. गोष्ट सगळी एका डाकूभोवती फिरणारी. सिद्धारामला बघून मास्तर हरखलेच.

"अभिनय येतो का?"

"न्हाय जी. हार येत्यात."

"उत्तम! काही करू नकोस. नुसता बघ."

मग तळ्याकाठी खड्डा खणला. कॅमेरा खड्ड्यात आणि सिद्धाराम वर, म्हणजे सहा फुटांचा माणूस बारा फुटांचा दिसणार. चकचकीत पत्र्यानं ऊन खालून तोंडावर मारलं. पहिल्या चार प्रसंगांत तर त्याचं तोंड घेतलंच नाही. नुसते जोडे, नुसता हात आणि जीव घेऊन पळणारी माणसं. "लोकांना आधी भ्यायला लावायचं, माणूस नंतर दाखवायचा," मास्तर म्हणायचे. सिद्धाराम मुकाट मान डोलवायचा.

एका दुपारी मास्तर म्हणाले, "तिकडं बघत राहा." तिकडं घाटाच्या पायरीवर सोना भाकरीचं फडकं घेऊन बसली होती. तिच्या पायातल्या एका तोरडीचा आकडा तुटलेला. तो सिद्धारामनंच हाराच्या दोऱ्यानं बांधून दिलेला. दुधनीच्या तिप्पण्णाच्या मुलाशी तिचं लग्न जमलं होतं. पोर आता जाणार, असं मनात आलं आणि सिद्धाराम बघतच राहिला.

"वा!" मास्तर ओरडले. कॅमेऱ्यात थोडी फीत उरली होती, ती कॅमेरावाल्यानं सोनाच्या पायांवर आणि त्या फडक्यावर संपवून टाकली.

चार महिन्यांनी मास्तर तयार सिनेमा घेऊन सोलापुरात आले आणि तो तंबूत लागला. पडद्यावर सिद्धारामचे डोळे आले आणि त्यांच्यापाठोपाठ नाचणारी एक बाई! तंबूत नुसता गिल्ला. "मेल्या, डोळं फोडीन तुजं!" म्हणत एका म्हातारीनं पायातलं काढून पडद्यावर भिरकावलं. मागं बसलेला सिद्धाराम हबकला. "आरं, मी हिला कवा बघितलं? ही बाई आली कुटनं?"

पण ऐकतो कोण? दुसऱ्या दिवशी बेल टोपलीतच सुकला. बायाबापड्या डोक्यावरचा पदर ओढून लांबून जायला लागल्या. हे सगळं सोसलं असतं हो त्यानं. पण बाजाराला आलेला तिप्पण्णाही तंबूत जाऊन आला होता.

"पाव्हणं," खाली बघत तो म्हणाला, "तुमी चांगलंच असाल. पर दुधनीत बी समद्यांनी बघितला तर? असल्या नजरंच्या माणसाची लेक केली म्हनतील. साखरपुडा ऱ्हाऊ द्या."

सोनानं पाव्हण्यासाठी वाढलेलं ताट तेवढं सरकवून ठेवलं. सिद्धाराम उठला आणि तडक मास्तरांच्या बिऱ्हाडी गेला.

"मास्तर, माज्या तोंडाचं काय केलंसा?"

मास्तर हसले. "तोंडाला हातसुद्धा लावला नाही. तुझ्या बघण्यापुढं मी काय जोडतो, त्यावर लोक तुला ठरवतात."

"मग दुसरं जोडा की! मी माज्या लेकीकडं बघत हुतो."

मास्तरांचं हसू मावळलं. "कुणाकडं बघत होतास ते मी विचारलंच नाही रे," ते हळू आवाजात म्हणाले. उरलेल्या तुकड्यांचा डबा त्यांनी उपडा केला, तासभर धुंडाळला आणि सोनाच्या पायांचा तुकडा शोधून काढला. मग कात्री चालली. नाचणारी बाई कचऱ्यात गेली.

तिप्पण्णाला सिद्धारामनं हात जोडून पुन्हा तंबूत नेलं. पडद्यावर डोळे तेच आले. त्यांच्यापाठोपाठ दोन पाय, दोऱ्यानं बांधलेली तोरडी, भाकरीचं फडकं. तंबू चिडीचूप झाला. त्या दिवशीची म्हातारी आजही होतीच. "आगं बया, लेक हाय व्हय त्याला!" म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला. पुढं शिपाई डाकूच्या मागं लागले, तर सगळा तंबू ओरडतोय, "पळ, बाबा, पळ!" तिप्पण्णानं पटक्याच्या टोकानं नाक पुसलं. "वैशाखात उरकू या," तो म्हणाला.

वैशाखात लग्न झालं. वधूवरांचे हार सिद्धारामनंच गुंफले. सोना गाडीत बसली, बैल जुंपले आणि सिद्धाराम तिच्याकडं बघत उभा राहिला. अगदी तस्साच. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बगा, बगा! शिनेमातल्यावानी करतोय की!" झालं, मांडवभर टाळ्या आणि शिट्ट्या.

सोना गाडीतून खाली उतरली. बापाच्या जवळ गेली, पदरानं त्याचे डोळे पुसले आणि लोकांकडं वळली.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" ती म्हणाली. "माजा बाप रडतोय."