आजीच्या नावाची पेटी

राजारामपुरीत ऑनलाइन अर्ज भरून देणारी ती बाई मला एकदाच भेटली. नाव विचारायचं राहिलं. गिऱ्हाईक पासवर्ड टाकायला लागलं की ती खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करायची आणि पदरानं चष्मा पुसत बसायची. असला रिवाज मी दुसऱ्या दुकानात बघितला नाही.

नातीला विद्यापीठानं नवा ईमेल दिला होता. वसतिगृहात जागा मिळाली का, ते त्यावरच येणार, आणि वेळेत जबाब दिला नाही तर जागा दुसऱ्याला. नातीकडं फोन नाही. म्हणून तिथलं टपाल माझ्या खिशातल्या फोनवर वळवायचं होतं.

"फोनवरचा ह्यो ईमेल पत्ता कुणाचा, पावणं?" बाईनं विचारलं.

"बायकोचा. मेली ती. फोन मी वापरतो."

बाई हळहळली नाही, ते मला बरं वाटलं. तिनं बटण दाबलं आणि खिशातला फोन वाजला. खात्रीचे आकडे आले होते, ते नातीनं वाचून दाखवले.

"पुढं पाठवलं की हितली, विद्यापीठाच्या पेटीतली, प्रत पुसू का ठेवू?"

"पुढं गेल्यावर हितं कशी ऱ्हाईल?" मला नवलच वाटलं.

"ऱ्हातीय की! पुढं गेलं म्हणून हितलं पुसायलाच पायजे, असं कुठं हाय?"

"ठेव मग."

चार दिवसांनी जागा मिळाल्याचं पत्र बायकोच्या नावाच्या पेटीत आलं. नातीनं लगेच होकार कळवला आणि विचारलं, "आज्जा, पेटीवरचं नाव बदलू?"

म्हटलं, "हात लावू नगंस."