"बास!" कोण म्हणालं?

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. चौथी नापास आहे, पण चाळीस वर्षं टँकर चालवलाय... निम्मी सोलापूरकडं, निम्मी इथं न्यूझीलंडला, तारानाकीत. तेलविहिरीवर कच्चं तेल भरायचं, बंदराजवळच्या टाक्यांत रिकामं करायचं.

सदा माझ्याच हाताखाली शिकला. अन् कंपनीनं नवा ट्रक त्याला दिला! मला जुनाच. वर साहेब म्हणाला, "बापू, रिव्हर्समध्ये दोन खांब पाडलेत. आता काही झालं, तर टँकर बंद."

सदा हसला. "बापू, मी येऊ का मागं? येऊ द्या, येऊ द्या करायला?" आपल्याकडचा क्लीनर मारतो तशा टाकीवर थापासुद्धा मारून दाखवल्या. सगळ्यांदेखत! तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

त्यानंतरचा मंगळवार. सकाळचे दहा, स्ट्रॅटफर्डच्या पुढची विहीर, लख्ख ऊन. साइटवर मी आणि तिथला ऑपरेटर हेमी, बस्स. रिव्हर्सला मागं माणूस उभा करायचा नियम आहे. मी हेमीला बोलावलं नाही... माझं काय अडलंय!

दोन्ही आरसे मोकळे. गाडी मागं घेतली, आणि टाकीवर थाप पडली. धप, धप. "येऊ द्या... येऊ द्या..." सदाचाच आवाज! डोकं तापलं. मुद्दाम रेटली मागं. तेवढ्यात एकच दणका — "बास!!"

पाय आपोआप ब्रेकवर गेला.

शिवी देतच उतरलो. बंपरमागं हेमी उकिडवा, तेल भरताना टँकरला लावायचा अर्थिंगच्या वायरचा चिमटा उचलत होता. डोक्यात आणि बंपरात वीतभर अंतर. चेहरा पांढराफटक. म्हणाला, "ब्रो, टाकी कुणी बडवली?"

कुणीच नव्हतं.

सदाला फोन लावला. "कुठं मेलायस?"

"डेंटिश्टकडं, बापू... दाढ काढतायत. अर्धं तोंड बधिर झालंय. का हो?"

मी फोन ठेवला.

हेमीला सांगितलं, आरशात दिसलास. त्यानं तेच साहेबाला सांगितलं, साहेबानं पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सदा सुजका गाल घेऊन आला, "मानलं बापू, नजर अजून घारीची!" फार झोंबलं. त्याच संध्याकाळी चावी साहेबाच्या टेबलावर ठेवली. कारण गुडघ्यांचं दिलं.

खरं काय ते आज पहिल्यांदा इथं लिहितोय. काय होतं ते, मला अजून कळलेलं नाही. पण एक सलतं... माझा सख्खा भाऊ नामा बारा वर्षं माझा क्लीनर होता. तो वारला त्यालाही आता बारा वर्षं झाली. हाक यायची तर त्याची यायची ना? मग सदाचीच का?