सुटलेल्या म्हशीमागे चालणारे अण्णा

सोमवारच्या वर्गाला नामदेवअण्णा आले नाहीत, म्हणून फोन मीच लावला. गैरहजर माणसाला त्याच दिवशी फोन करायचा, हा माझ्या नोकरीचाच भाग. त्यांच्या बायकोने, काकूंनी उचलला. मी नेहमीच्या तोऱ्यात म्हटलं, ‘‘काय हो काकू, आज दांडी मारली का अण्णांनी?’’ त्या म्हणाल्या, ‘‘न्हाईत वो ते आता. काल दुपारी जेवून आडवं झालं, त्ये उठलंच न्हाईत.’’ फोन ठेवल्यावर मी वर्ग पूर्ण घेतला. हात वर, हात खाली, श्वास सोडा. दुसरं काही सुचलंच नाही.

भूगावच्या एका दवाखान्यात मी हृदयरोग्यांचा व्यायामाचा वर्ग घेते. झटका येऊन गेलेली, बायपास झालेली, रक्तवाहिनीत स्प्रिंग टाकलेली माणसं येतात. व्यायाम घेणं सोपं आहे हो. जीव खातं ते पुढचं काम, कोण किती टिकलं हे मोजायचं. आमच्याकडे नव्याचे नऊ दिवस सगळेच करतात. नवे बूट येतात, पाण्याच्या बाटल्या येतात, आणि एक दिवस माणूसच यायचा थांबतो. मग फोन करा, रागवा, गोंजारा, वरिष्ठांना आकडे द्या. इतकी वर्षं हे करून मी खरंच दमले आहे. अण्णा मात्र मुळशीहून बसने यायचे आणि सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे. धरणाच्या अंगाची जमीन विकलेली, गोठा रिकामा. ‘‘घरी बसून काय माश्या मारू?’’ म्हणायचे.

पण घरी चालायचं म्हटलं की अण्णांची पाटी कोरी. मनगटावरचा पट्टा चाल मोजतो, आणि त्यात काही म्हणता काही नसायचं. मी एकदा चिडून म्हटलं, ‘‘अण्णा, मला शेंड्या लावू नका.’’ तर गळ्याला हात लावून म्हणाले, ‘‘म्याडम, आईच्यान सांगतो, रोज निघतुया घरातनं. तुमीच या आन् बघा.’’

एका रविवारी मी मुळशीला गेले. आम्ही दोघं रस्त्याला लागलो, घर अजून दिसत होतं, तोच मोटारसायकल थांबली. ‘‘बसा अण्णा, सोडतो.’’ अण्णा माझ्याकडे बघत ओशाळून हसले आणि बसले. वळणावर उतरून माझी वाट बघत उभे होते. पुन्हा चालायला लागलो तर मागून टेम्पो. या वेळी त्याने मलाही सोडलं नाही. ‘‘ताई, उन्हाचं कशाला चालताय, या की!’’ आणि मी, व्यायाम शिकवणारी बाई, निमूट आत चढून बसले. अण्णा कानाशी म्हणाले, ‘‘बगितलं? आता न्हाई कसं म्हनायचं? गावात ऱ्हायाचंय मला. काम नसताना नुसतं चालतुया म्हनलं तर डोकं फिरलं म्हनतील.’’ टेम्पो कुठे चालला होता ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. मी पोट धरून हसले.

तोडगा काकूंनी काढला. चहा देता देता म्हणाल्या, ‘‘हातात दावं घिऊन जावा. म्हैस हुडकाया निघाल्याला मानूस कुनी गाडीत बसवत न्हाई.’’ झालं! दुसऱ्या दिवसापासून अण्णा खांद्यावर दावं टाकून निघायला लागले. गाडी थांबली की म्हणायचे, ‘‘म्हैस सुटलीया रं, तू हो फुडं.’’ अण्णांच्या गोठ्यात म्हैस उरलेली नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तरी कुणी हटकलं नाही. उलट त्यांच्यासारखीच जमिनी विकून ओट्यावर बसलेली चार म्हातारी माणसं उठली. ‘‘चल, आमी बी हुडकतो.’’ रोज सकाळी ही फौज बांधाबांधाने निघायची, गप्पा हाणत. पट्ट्यातले आकडे चढत गेले. आमच्या बैठकीत वरिष्ठांनी अण्णांचा आलेख भिंतीवर लावून सांगितलं, ‘‘टिकणं म्हणतात ते हे.’’ अण्णांनाही मी तो डोंगरासारखा चढता आलेख नेऊन दाखवला. मला केवढा अभिमान वाटला होता...

तेराव्यानंतर मी मुळशीला गेले. काकूंनी मला आत बसवलं. मग म्हणाल्या, ‘‘शेवटच्या आठवड्यात चढावर छाती भरून येत हुती त्यांची. म्या म्हनलं, म्याडमला सांगा. तर म्हनलं, सांगितलं तर घरी बसवत्याल. आता कुटं मानसं संगं चालाया लागल्याती, आन् म्याडमचा तो भिंतीवरचा डोंगर बी खाली येईल. मला बी आन घातली बगा.’’

दर वर्गाला मी विचारत होते, छातीत काही होतंय का? आणि हा माणूस माझ्या डोळ्यांत बघून ‘‘झ्याक हाय’’ म्हणत होता! मला अण्णांचा राग आला. मेलेल्या माणसाचा येऊ नये इतका आला. अहो, तुमच्यासाठी आकडा होता, आकड्यासाठी तुम्ही नव्हता. काकूंसमोर बोलले नाही. त्यांचा हात धरून बसले, आणि मग रडू आलं ते आवरेना.

कार्यालयाने कळवलंय की मृत्यू झालेल्यांना मोजणीतून वगळायचं. वगळलं. तो आलेखही भिंतीवरून उतरला.

वर्गात अजून अण्णांची खिडकीजवळची जागा आपोआप रिकामी ठेवली जाते. परवा मी तिथे उभी राहिले आणि अण्णांचं सगळं सांगून टाकलं, काहीही न लपवता. म्हटलं, ‘‘दुखत असेल त्याने आज चालायचं नाही. मला तुमचा आकडा नको, तुम्ही हवे आहात.’’ मग भुकूमचा, कंपनीत नोकरी करणारा एक जण, कधीही खाडा न करणारा, हळूच मनगटावरचा पट्टा सोडवत म्हणाला, ‘‘मॅडम, काही दिवस जिना चढताना छातीवर दडपण येतंय. इतके महिने सलग झालेत, साखळी तुटेल म्हणून बोललो नाही.’’

त्याला खुर्चीत बसवलं आणि डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी त्याला लगेच मोठ्या दवाखान्यात हलवलं. बायको येईपर्यंत मी सोबत थांबले. संध्याकाळी तिथून फोन आला, वेळेत आणलंत म्हणून. मग मी संगणक उघडला, त्याच्या नावापुढे, येणाऱ्या वर्गांच्या रकान्यात ‘गैरहजर’ लिहिलं, आणि हा शब्द लिहिताना आयुष्यात पहिल्यांदा मला हायसं वाटलं.