दिवसाढवळ्या दिवा

लाँड्रीत सगळे त्याला दुर्बीण म्हणायचे. इस्पितळांमधल्या मळक्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे गोळा करायचे, गावाबाहेरच्या धुलाई कारखान्यात आणायचे आणि इस्त्री होऊन घड्या झालेले परत पोचवायचे, हे त्याचं काम. उभी हयात गाडीवर गेली, पण गाडीला कधी साधा ओरखडा नाही. नजर अशी की पुलाच्या पलीकडून येणाऱ्या बसचा नंबर तो अलीकडूनच वाचून दाखवायचा. घरात सुई हरवली तर बायको शोधायच्या भानगडीत पडायची नाही. तो येईपर्यंत शिवण बाजूला ठेवून खुशाल चहा पीत बसायची. या डोळ्यांचा त्याला स्वतःलाही थोडा ताठा होताच.

अशा माणसाच्या गाडीवर एका सकाळी मोटारसायकल येऊन आदळली.

कारखान्याकडून येणारा फाटा मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथे दोन्ही अंगांना उंच झाडांची रांग आहे. ऊन असलं की रस्त्यावर उजेडाचे आणि सावलीचे पट्टे पडतात, वारा आला की ते हलतात. तो फाट्यावर थांबला. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, सवयीनं पुन्हा उजवीकडे पाहिलं. रस्ता रिकामा. त्यानं गाडी पुढे काढली, आणि पाठीत कुणी लाथ घालावी तसा दणका बसला.

तो खाली उतरला तेव्हा गाडीचं मागचं दार उघडं पडलं होतं. गठ्ठे फुटून सगळा रस्ता पांढराशुभ्र झाला होता. मोटारसायकल आडवी होती, चाक अजून फिरत होतं. चालवणारं माणूस मात्र कुठेच नव्हतं. कडेला नाही, खड्ड्यात नाही, गाडीखाली नाही.

"काका," कुणीतरी म्हणालं. अगदी जवळून.

तो गर्रकन वळला. चादरी. नुसत्या चादरी.

"काका, मी इथे आहे."

बाईचा आवाज होता, शांत, दुकानात सुट्टे मागावेत इतका साधा. त्यानं खाली पाहिलं. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर ते तिच्या हातावर पडलं असतं. तो गुडघ्यांवर बसला आणि वेड्यासारखा चादरी उपसायला लागला.

ती वाचली. मांडीचं हाड मोडलं, खांदा निखळला, पण जीव वाचला. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायची ती. हत्यारांची पिशवी मागे बांधून दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत जायची. पोलीस आले, त्यांनी टेप लावून रस्ता मोजला. त्यांच्यातला एक जण समजुतीनं म्हणाला, "ऊन डोळ्यांवर आलं असेल तुमच्या. होतं असं."

"ऊन पाठीमागे होतं साहेब," तो म्हणाला. "मी नीट पाहिलं. दोनदा पाहिलं. रस्ता रिकामा होता."

लाँड्रीच्या मुकादमानं बाजूला घेऊन त्याला झापलं. "अरे, ते आयतं कारण देतायत तुला, घे ना बाबा गपगुमान." पण खोटं कसं सांगणार? आणि खरं सांगावं, तर ते त्याला स्वतःलाच पटत नव्हतं.

लाँड्रीनं त्याला डोळे तपासायला पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी अक्षरं वाचून घेतली, डोळ्यांत थेंब घातले, उजेड मारून आत डोकावून पाहिलं.

"या वयात असे डोळे मी फार कमी पाहिलेत," त्या म्हणाल्या.

"मग ती कुठे होती?"

बाईंनी हातातली बॅटरी खाली ठेवली. "डोळा सरकत जात नाही हो, उड्या मारतो. इथून तिथे. दोन उड्यांमधलं त्याला दिसत नाही. मग मेंदू काय करतो, आजूबाजूला जे असेल तेच तिथे भरून टाकतो. झाडं असली तर झाडं."

"म्हणजे मी पाहिला तो रिकामा रस्ता..."

"थोडाफार तुमचाच म्हणा."

हे ऐकलं आणि त्याची झोपच उडाली. उमेदीच्या वर्षांपासून किती फाटे, किती चौक आले, किती वळणं आली. प्रत्येक वेळी रस्ता रिकामा दिसला म्हणून गाडी पुढे काढली. तो खरंच रिकामा होता, की दर वेळी कुणीतरी ब्रेक दाबून, शिव्या घालत, जेमतेम वाचलं होतं? आरशात पाहिलं तरी त्याला वाटे, यात जे दिसत नाही ते कुठे असेल? घरातही तो खोलीत शिरण्याआधी दारात थबकायला लागला. एकदा संध्याकाळी त्यानं रिकाम्या खोलीत विचारलं, "कोण आहे?"

"मी आहे!" खिडकीजवळून बायको म्हणाली. "मघापासून इथे कपड्यांच्या घड्या घालतेय. तुम्ही माझ्याकडे बघूनच आत आलात की!"

त्याचा चेहरा पाहून ती हसायला गेली आणि हसू तिच्या ओठांवरच राहिलं.

तो घरीच बसून होता. अशातच एक दिवस लिफ्टवाली दारात उभी राहिली. हातात काठी होती, पण चालत आली होती. बायकोची पाचावर धारण बसली. भांडायला आली असणार, असंच तिला वाटलं. तिनं लगबगीनं पंखा लावला, पाणी आणलं, गरज नसताना उशी आणून दिली.

"मी भांडायला नाही आले मावशी," ती म्हणाली आणि त्याच्याकडे वळली. "काका, एकच विचारायचंय. तुम्ही पोलिसांना सांगितलंत की रस्ता रिकामा होता."

"हो ताई. होता." त्याची मान खाली.

"तुम्ही माझ्याकडे बघत होतात. आपली नजरानजर झाली होती. निळी टोपी होती तुमची, हनुवटीवर कापूस चिकटलेला होता. मी म्हटलं, यांनी पाहिलंय, थांबतील. म्हणून मी ब्रेक दाबलाच नाही."

त्या सकाळी दाढी करताना त्याला कापलं होतं. पुढच्या गडबडीत तो कापूस कधी पडला, हे त्याचं त्यालाही आठवत नव्हतं.

"तेव्हापासून माझं काहीतरी बिनसलंय," ती पुढे म्हणाली. "लिफ्टमध्ये लोक शिरतात आणि मला धडकतात. दुकानात उभी राहिले की मागचा माणूस पुढे होतो. आधीही होत असेल, पण आता वाटतं, मी खरंच इथे आहे ना? तुम्ही सरळ माझ्याकडे बघितलंत काका, आणि मी नव्हतेच."

मग बायकोनं पुढे होऊन तिचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तिला काठी लागेनाशी झाली तेव्हा दोघांनी ठरवलं की एकदा जाऊन बघायचं. लाँड्रीला सुट्टी होती, आकाश निरभ्र होतं. मुकादमानं कटकट करत का होईना, गाडीची किल्ली दिली. दुर्बीण फाट्यावर येऊन थांबला, पुढे काढायची नाही म्हणून किल्लीच काढून घेतली. बायको शेजारी बसली. लिफ्टवाली दुरुस्त करून आणलेल्या मोटारसायकलवर वळणापलीकडे गेली होती. फोन स्पीकरवर लावून त्यानं समोर ठेवला.

उजवीकडे रस्ता होता तसाच होता. खोडांमागे खोडं, सावलीचे काळे पट्टे, मधे उन्हाचे तुकडे. वारा होता.

"निघालात की सांगा ताई," तो म्हणाला.

फोनमधून तिचा श्वास ऐकू आला. "मी आलेय काका. केव्हाची येऊन थांबलेय."

"कुठे?"

"तुमच्या समोर. रस्त्याच्या कडेला. तुम्ही माझ्याकडेच बघताय."

त्यानं डोळे ताणले. या खोडावरून त्या खोडावर, कडेच्या गवतावर, पुन्हा खोडावर. बायकोनंही पुढे वाकून पाहिलं आणि त्याचा दंड पकडला.

"मस्करी करू नका," त्याचा आवाज चिरकला. "तिथे कुणी नाहीये."

"आता मावशी पुढे वाकल्या. त्यांनी तुमचा हात धरला."

गाडीत थंडी शिरल्यासारखं झालं. इंजिन बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि त्या रिकाम्या झाडांमधून कुणीतरी त्यांच्याकडे बघत होतं.

"दिवा लावा," तो कसाबसा म्हणाला. "दिवा लावा ताई."

झाडांच्या रांगेत एक पिवळट ठिणगी पेटली. पेटली ती तो टक लावून बघत होता तिथेच. दिव्यामागून आधी हँडल आलं, मग हेल्मेट, मग खांदे. इतका वेळ ज्याला तो खोड समजत होता, ते खोड नव्हतंच. ती तिथे होती, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर.

"अगं बाई," बायको पुटपुटली.

"बंद करा," तो म्हणाला. दिवा विझला आणि पुन्हा खोड उभं राहिलं. ती तिथे आहे हे ठाऊक असूनही खोडच. "लावा." ती आली. "बंद करा." ती गेली. किती वेळा त्यानं हे करायला लावलं कोण जाणे. शेवटी दिवा लावून ती हळूहळू चालवत गाडीपाशी आली, हेल्मेट काढलं आणि खिडकीतून आत बघत म्हणाली, "दिसले?"

"तुम्ही होतात," तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलं नाही. "त्या दिवशीही होतात. मी बघितलं आणि मला दिसलं नाही. पण तुम्ही होतात."

"होते ना?" ती म्हणाली. एवढं बोलून ती मडगार्डला टेकून बसली आणि कितीतरी दिवसांनी मोकळं, मोठ्यानं हसली.

तेव्हापासून ती भर उन्हातही दिवा लावूनच हिंडते. समोरून येणारे लोक बोटं उघडमीट करून खुणावतात, बाई, दिवा चालू राहिलाय! ती मान डोलावते. दिसले ना, मग झालं.

दुर्बीणही कामावर परतला. टोपणनावानं हाक मारलेली मात्र त्याला खपेनाशी झाली, आणि हळूहळू लोकांनी ते सोडलंही. लाँड्रीत मोटारसायकलवर येणाऱ्या प्रत्येकाच्या तो मागे लागला, दिवा लावा, दिवसाही लावा. मुकादम म्हणाला, "दिवसा दिवे लावायला कुणाचं लग्न आहे रे?" आणि दुसऱ्या आठवड्यापासून गुपचूप लावायला लागला.

फाट्यावर आला की तो खिडकीची काच खाली करतो, इंजिन बंद करतो आणि बघतो. एका जागी नजर ठेवून, मग दुसऱ्या जागी. मागचे हॉर्न वाजवून हैराण होतात.

परवा दुपारी असाच थांबला होता. झाडांमधून एक दिवा येताना दिसला. दुरूनच ओळखला, लिफ्टवाली. ती जवळ आली, हात वर केला, पुढे गेली. मागे रस्ता मोकळा. त्यानं किल्लीला हात घातला. पण ताईला परत हात करायचा राहिला म्हणून आधी खिडकीतून हात बाहेर काढला.

तेवढ्यात नाकासमोरून दुसरी मोटारसायकल निघून गेली. काळी, दिवा न लावलेली, लिफ्टवालीच्या मागोमाग आलेली. चालवणाऱ्यानं याच्याकडे पाहिलंही नाही. त्या मोटारसायकलचा आवाजसुद्धा त्याला ती पुढे गेल्यावर ऐकू आला.

त्यानं हात हळूच आत घेतला. उजवीकडे पाहिलं. खोडांमागे खोडं. मागून कुणीतरी हॉर्नवर हात दाबून धरला होता. "जा ना बाबा!" तो माणूस ओरडत होता. "रस्ता रिकामा आहे!"

तो बघत राहिला.