डोलीचे खुबे

काचेच्या दाराआड आमची डोली गुंगीचं इंजेक्शन घेऊन पडली होती. डोली म्हणजे आमची तरुण लॅब्रॅडॉर. तिच्या खुब्यांचा एक्स-रे चालला होता. सांधे धड निघाले तर तिला धावता-पोहता येणार होतं, नाहीतर चेंडू कायमचा बंद. बाहेर बाकावर बसून मी माझे गुन्हे आठवत होतो. घरातल्या गुळगुळीत फरशीवर तिला चेंडूमागे पळायला मीच शिकवलं. बायकोची नजर चुकवून तिला तूप लावलेली पोळीही मीच घातली.

शेजारी मांजराची टोपली घेऊन एक आजी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं नसताना मी त्यांना हे सगळं सांगून टाकलं.

"अहो, सुई कुत्रीला टोचलीय," त्या म्हणाल्या. "तुम्ही का घामाघूम?"

डॉक्टरांनी तपासणी सुचवल्यापासून मी दिसेल त्याची चाल निरखत असतो. सोसायटीत कोण डावीकडे झुकतं, कोण जिना तिरका उतरतं, हे मला पाठ झालंय. सरळ असं कुणीच चालत नाही, आणि तरी सगळे जिथे जायचं तिथे पोचतात. त्या बाकावर मला याचा फार धीर वाटला.

डॉक्टर बाहेर आले. "खुबे उत्तम आहेत. वजन तेवढं उतरवा."

म्हणजे तूप सापडलंच.

मी उठलो तर पायाला मुंग्या आलेल्या. डोली गुंगीत झोकांड्या खात आणि मी लंगडत, असे आम्ही दाराकडे निघालो. आजी आमची चाल निरखत होत्या.

"कुत्री संध्याकाळपर्यंत सरळ चालेल," त्या म्हणाल्या. "तुमचं काही सांगता येत नाही."