पोपटीचा तक्ता

मंगळवारी सकाळी पेणच्या घरी माझी पत्नी वारली.

ती शाळेत शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिनं मोबाइलवरच्या चॅटबॉटला आपल्या माहेरची, रोह्याची पोपटी शिकवायला घेतली होती. मडक्यात वालाच्या शेंगा कशा भाजायच्या, याबद्दल तो काय म्हणतो ते एका रकान्यात आणि तिची दुरुस्ती शेजारच्या रकान्यात, असा तक्ता तिनं त्याच्याकडूनच आखून घेतला होता.

तो जपावा म्हणून मी सगळा मजकूर कॉपी करून रोह्याला मेहुणीला पाठवला. लगेच तिचा फोन आला.

"भावजी, ताई पोपटीत पाणी घालायला सांगेल होय? मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावतात, पाणी नाय!"

तक्ता मोडून दोन्ही रकाने एकमेकांत मिसळले होते आणि चॅटबॉटचं वाक्य तिचं वाटत होतं.

"तिचं तिच्या जागी ठेवा हो," मेहुणी म्हणाली.

मी मूळ संभाषण पुन्हा उघडलं आणि कॉपी न करता त्याची पीडीएफ केली. रकाने जागच्या जागी राहिले. उजवीकडे तिचं वाक्य होतं, "पाणी नाय घालायचं रे बाबा, शेंगांचा ओलावा पुरतो."

ती पीडीएफ आता मेहुणीकडे आहे आणि माझ्याकडे आहे.