हिनेकने पाहिलं नव्हतं

हिनेक झ्बोर्झिल रस्त्यात दगड बसवतो. ओलोमौत्स या चेक शहराच्या जुन्या चौकातले, ट्रामच्या रुळांलगतचे, मुठीएवढे चौकोनी दगड. खाली वाळूचा थर, त्यावर दगड, हातोडीचे ठोके, मग पुढचा दगड. दिवसभर गुडघ्यांवर. वीस-बावीस वर्षं हे काम केलं की गुडघे कामाचे होतात, आपले राहत नाहीत. तरी संध्याकाळी तो मोराव्हा नदीकाठच्या कुरणावर जायचा आणि तेच गुडघे घेऊन प्लॅस्टिकच्या चकतीमागे धावायचा.

तिथला फ्रिस्बीचा संघ त्यानेच उभा केलेला. नाव ठेवलं टिटवी, कारण पहिल्या वर्षी कुरणावर त्यांच्यापेक्षा टिटव्या जास्त होत्या. बरोबरचे जुने गडी मुलाबाळांत, नोकऱ्यांत पांगले. हिनेक राहिला. पोरं-पोरी येत गेली, तो शिकवत गेला. आता संघाची कप्तान रादाना होती. चौदा वर्षांची असताना सायकल टाकून ती त्या कुरणावर आली होती आणि तिला पहिली सरळ फेक हिनेकनेच शिकवली होती.

खेळ तसा सोपा. एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सात, बायका-पुरुष एकत्र. चकती हातात असेल त्याने पळायचं नाही, फेकायची. पलीकडच्या पट्टीत आपल्या माणसाने झेलली की गुण. अवघड गोष्ट वेगळीच आहे. या खेळात पंच नसतो. धक्का लागला का, पाय रेषेवर पडला का, हे खेळणारेच आपसात ठरवतात. त्यांचं जमलं नाही तर मैदानाबाहेर उभ्या असलेल्याला विचारतात. विचारल्याशिवाय बाहेरच्याने तोंड उघडायचं नाही. तरीही पटलं नाही तर चकती परत फेकणाऱ्याच्या हाती जाते आणि डाव तिथून पुन्हा सुरू होतो.

अशा खेळात माणूस त्याच्या शब्दावर तोलला जातो. हिनेकचा शब्द वजनदार होता. ब्रनोच्या एका स्पर्धेत त्याने झेललेली चकती आधी गवताला टेकली होती. कुणाला दिसलं नव्हतं. त्याने स्वतःहून सांगितलं, गुण घालवला आणि सामनाही घालवला. समोर डेन्मार्कचा आस्गर होता. तेव्हापासून आस्गर कुठेही भेटला की आपल्या पोरांना सांगायचा, "हा म्हणेल ते खरं. वाद घालू नका, वेळ जातो."

हिनेक दुसऱ्यांनाही सोडत नसे. त्याचा नियम होता की बाहेर बसायचं नाही, उभं राहायचं. "आत सात असतात," तो म्हणायचा, "आणि बाहेरचा आठवा. समोरच्याला रोखणाऱ्याच्या पाठीला डोळे नसतात. ते डोळे तुम्ही. ओरडून सांगा, डावीकडून येतोय, मागून पळाला. घसा बसला नाही तर तुम्ही खेळलाच नाहीत." एकदा सरावात मातौश मैदानाकडे पाठ करून ब्रेड खात उभा होता. हिनेकने त्याला तोंडातला घास गिळायच्या आत मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. मातौश एकोणीस वर्षांचा, संघातला सगळ्यात वेगवान. तो हिनेकला आजोबा म्हणायचा.

त्या सप्टेंबरात टिटवी बेल्जियमच्या किनाऱ्यावर गेली, युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेला. भाड्याची व्हॅन, कागदात गुंडाळलेले तळलेल्या मांसाचे ब्रेड, आणि मागच्या सीटवर कुणीतरी आणलेलं ओलोमौत्सचं वासाचं चीज, ज्याच्यावरून जर्मनीभर भांडण चाललं. शेवटी खिडक्या उघड्या ठेवून सगळे कुडकुडत झोपले. मैदानांवर समुद्राचा वारा असा होता की फेकलेली चकती मध्येच विचार बदलायची. अशा वाऱ्याचा फायदा कमी ताकदीच्या संघाला होतो. टिटवी एकेक सामना काढत उपांत्य फेरीत पोचली. तिथवर ती कधीच पोचली नव्हती. समोर डेन्मार्कच्या ऑर्हूस शहराचा संघ, आस्गरचा.

चौदा-चौदा झालं. पुढचा गुण ज्याचा, तो अंतिम सामन्यात.

रादानाने सगळ्यांना गोल बोलावलं. हिनेकने तोवर बुटाची नाडी घट्ट आवळून घेतली होती. वीस वर्षांत असा शेवटचा गुण त्याच्याशिवाय खेळला गेला नव्हता. रादानाने सात नावं घेतली. त्याचं नव्हतं.

तिचं बरोबर होतं. सामन्याच्या उत्तरार्धात त्याचा माणूस दोनदा त्याच्या शेजारून निघून गेला होता आणि तो मागून नुसता बघत राहिला होता. दगड वाकडा बसला तर तो उपटावाच लागतो. तो स्वतः कप्तान असता तर त्यानेही हेच केलं असतं, आणि हेच त्याला जास्त लागलं.

"हिनेक," रादाना म्हणाली, "तू त्या कोपऱ्यावर जा. मातौश तिकडेच पळेल. त्याला आवाज दे."

"जातो."

"चिडलास?"

"खेळा आता."

तो कोपऱ्यावरच्या नारिंगी शंकूपाशी जाऊन उभा राहिला. डाव सुरू झाला. सुरुवातीला त्याने एकदोनदा आवाज दिला. मग दूरवर रादाना चकती घेऊन उभी असलेली दिसली, डावीकडे बघणारी, उजवीकडे बघणारी. जिथे तो नेहमी उभा असायचा तिथे, तिच्या मागे, दुसराच कुणीतरी उभा होता. हिनेकने पाठ फिरवली.

किती वेळ, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. पलीकडे बटाट्याच्या कापांची गाडी होती. एक बाई मुलाच्या तोंडावरचा सॉस पुसत होती. तो तिच्याकडे बघत राहिला. मागून आरडाओरडा झाला, पावलांचा दणदण आवाज आला, मग अंग गवतावर घसरल्याचा. तो वळला तेव्हा मातौश त्याच्या पायापाशी पालथा पडला होता आणि चकती त्याच्या दोन्ही हातांत होती.

"झेलली!" मातौश ओरडला. "आत! आत आहे!"

आस्गर त्याच्या मागोमाग धापा टाकत आला. तो मातौशला रोखत होता. "झेल चांगला होता, पण पाय बाहेर पडला. पुढच्या पायाचा अंगठा रेषेवर."

"अजिबात नाही. रेषा इथे आहे, माझा पाय इथे होता."

"मला रेषेवर दिसला."

"तू माझ्या पाठीमागे होतास. तुला माझ्या पाठीखेरीज काय दिसणार?"

"आणि तू वर बघत होतास. चकतीकडे. तुला तुझा पाय कसा दिसेल?"

गवतावर कसलाच माग राहिला नव्हता. दोन्हीकडचे खेळाडू जमले. रादाना धावत आली. आस्गरने गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेतला, मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

"अरे, हिनेक इथेच उभा आहे! काय भांडतोय आपण? हिनेक, बोल. तू म्हणशील ते."

"बोल की, आजोबा," मातौश म्हणाला. तो हसत होता. आपला पाय आत होता याची त्याला खात्री होती.

हिनेकने रेषेकडे पाहिलं. आत म्हणालो तर टिटवी अंतिम सामन्यात. बाहेर म्हणालो तर उद्या सगळे म्हणतील, काय सच्चा माणूस आहे. दोन्ही शब्द त्याच्या जिभेवर आयते होते आणि दोन्हींपैकी एकही त्याचा नव्हता.

"मी पाहिलं नाही," तो म्हणाला.

वाऱ्याने शंकू कलंडला, तो कुणीतरी पायाने सरळ केला.

"तू इथे होतास," आस्गर सावकाश म्हणाला.

"होतो."

"दोन पावलांवर."

"हो. पण मला दिसलं नाही."

"म्हणजे नक्की सांगता येत नाही, असं?"

"दिसलंच नाही."

मातौशचं हसू गेलं. तो चेक भाषेत, दात आवळून म्हणाला, "तुला सातात घेतलं नाही म्हणून का हे? आत्ता?"

"मातौश, गप्प," रादाना म्हणाली. पण तीही हिनेककडेच बघत होती.

कारण सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पाठ फिरवून उभा होतो. ज्या माणसाने पोरांना उभं राहायला शिकवलं, त्याने हे सगळ्यांदेखत कसं म्हणायचं? तो शंकूकडे बघत राहिला. आस्गरने त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग नजर काढून घेतली, जशी माणूस दुसऱ्याच्या घरातल्या भांडणावरून काढून घेतो.

"ठीक आहे," आस्गर म्हणाला. "चकती परत."

चकती परत रादानाच्या हाती गेली. हिनेक आता डोळे फाडून बघत होता, घसा फोडून ओरडत होता. रादानाने पुन्हा लांब फेकली. वाऱ्याने ती उचलली आणि मातौशच्या डोक्यावरून नेली. डेन्मार्कवाल्यांनी ती उचलून तीन-चार फेकींत मैदान पार केलं. संपलं.

सामना संपला की दोन्ही संघ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल उभे राहतात आणि बोलतात. हरलेल्यालाही उभं राहावंच लागतं. मातौशने हिनेकच्या शेजारची जागा टाळली. रादानाने चार शब्द बोलून आभार मानले. मग आस्गर मध्ये आला. त्याच्या हातात विणलेली निळी टोपी होती. त्यांचा संघ ती दर सामन्यात समोरच्या एकाला देतो.

"ही आज हिनेकला," तो म्हणाला. "त्याने काय पाहिलं ते त्याला माहीत आहे. आपल्याच पोराविरुद्ध बोलणं सोपं नसतं. तो बोलला नाही, पण खोटंही बोलला नाही. 'आत' एवढं म्हणाला असता तर आम्ही मान्य केलं असतं. घरी जाऊन मी हे सांगणार आहे."

डेन्मार्कवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. टिटवीचे हात खांद्यांवरच राहिले. आपला कोपऱ्यावरचा माणूस पाय बाहेर पडलेला बघूनही गप्प राहिला, आणि त्याला त्याबद्दल टोपी मिळते आहे, एवढंच त्यांच्यापुढे होतं. मातौशचे कान लाल झाले होते.

"नाही," हिनेक म्हणाला. त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं. "मी पाहिलं नाही. मी तिकडे बघत होतो. पाठ होती माझी."

आस्गर हसला. बाकीचेही हसले.

"बटाट्यांच्या गाडीकडे?" कुणीतरी विचारलं.

"हो."

आता सगळे जोरात हसले. आस्गरने टोपी त्याच्या डोक्यावर बसवली, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तू असाच आहेस. कधी श्रेय घेतलंस?"

हिनेकने आणखी एकदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. सांगावं तेवढी टोपी डोक्यावर घट्ट बसत होती.

एकटी रादाना हसली नव्हती. सगळे पांगल्यावर ती शंकू गोळा करत त्याच्यापाशी आली.

"खरंच पाठ होती?"

"हो."

"मी नाव घेतलं नाही म्हणून?"

तिने शंकू एकात एक खोचले.

"मला वाटलं होतं, तुला समजेल," ती म्हणाली.

"समजलं होतं."

"मग?"

"समजून काय होतं, रादाना?"

तिला ओरडायचं होतं, पण शिकवणाऱ्यावर ओरडायचं कसं, हे त्याने तिला शिकवलं नव्हतं. "मातौशला तू सांग," ती म्हणाली. "माझ्याकडून ऐकलं तर त्याला वाटेल मी तुला वाचवतेय."

मातौश संघाच्या तंबूबाहेर बूट बडवत होता. हिनेकने टोपी काढली आणि सांगितलं. मातौशने ऐकून घेतलं.

"त्यापेक्षा खोटं बोलला असतास तरी चाललं असतं," तो म्हणाला. "खोटं बोलणारा निदान बघत तरी असतो."

"बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणू नकोस! मला एका ब्रेडसाठी फेऱ्या मारायला लावल्या होत्यास तू. ओकलो होतो मी."

हिनेकने मान हलवली आणि नाडी बांधली. तो रिकाम्या मैदानाभोवती धावायला लागला. डावा गुडघा पहिल्याच कोपऱ्यावर कुरकुरला. दुसऱ्या फेरीत तो लंगडत होता, तिसरीत ते धावणं म्हणण्यासारखं राहिलं नव्हतं. तो थांबला नाही. त्याच्या हिशेबाने चुकीला एकच मोबदला होता, घाम. मातौश थोडा वेळ बघत उभा राहिला.

"बस कर, आजोबा," तो शेवटी ओरडला. "याने काय होणार आहे? रात्री तुला उचलून व्हॅनमध्ये आम्हालाच घालावं लागेल." आणि तो जेवायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या क्रमांकासाठीचा सामना होता, लिथुआनियाच्या संघाशी. गुडघा सुजून भोपळा झाला होता. रादानाने त्याचं नाव पुकारायचा प्रश्नच नव्हता. तो सकाळपासून रेषेवर उभा राहिला, बसला नाही, पाणी प्यायलाही वळला नाही. ओरडत राहिला. आतले त्याच्या ओरडण्यावर हलत होते, सवयीने असेल.

आठ-सात असताना त्याच्या अगदी समोर मातौश आणि एक उंच लिथुआनियन मुलगा एकाच चकतीवर झेपावले. दोघे उठले. मातौश म्हणाला, माझा हात चकतीच्या खाली होता. मुलगा म्हणाला, आधी जमिनीला लागली. या वेळी हिनेकने सगळं पाहिलं होतं. मातौशची बोटं चकतीखाली, बोटांखाली गवत, मध्ये दोन बोटांचं अंतर. झेल स्वच्छ होता. शपथ घेऊन सांगितलं असतं.

लिथुआनियन मुलाने इकडे-तिकडे पाहिलं. "बाहेरच्या कुणी पाहिलं का?"

मातौशची नजर रेषेवरून गेली. हिनेकवर आली आणि पुढे सरकली.

"नाही," तो म्हणाला. "इथे कुणी नव्हतं. चकती परत देऊ."

हिनेक विचारण्याची वाट पाहत उभा होता. चकती परत गेली, खेळ सुरू झाला. पुढच्याच फेकीत ती लिथुआनियाच्या हाती लागली. मातौशचा माणूस मागून सुटला, तसा तो ओरडला, "मातौश, मागे! मागे!" मातौश वळून धावला.